दृष्टांत आणि नाम



गेल्या वर्षी एका गावी सप्ताहातली कीर्तनसेवा आटोपून आम्ही ओसरीवर टेकलो होतो. नववीत शिकणारा एक मुलगा, हाताला ताल असलेला गोड टाळकरी, पायावर डोके ठेवून म्हणाला, "महाराज, एक विचारू का? हिटलर फार शिस्तीचा माणूस होता म्हणतात. आपल्याकडेही तसा एखादा पाहिजे होता, नाही?" त्या माणसाचे आत्मचरित्र आपल्या बाजारात अजून खपते, याच्या थोरल्या भावाने ते आणले होते. आम्ही म्हणालो, "अरे बाळा, असे बोलू नये." पोर गप्प बसले. पण 'असे बोलू नये' हे काय उत्तर झाले? चाळीस वर्षे गळ्यात वीणा घालून लोकांना शहाणपण सांगणाऱ्या माणसाजवळ एका पोराला द्यायला दोन धड वाक्ये नव्हती. ती लाज घेऊन आम्ही घरी आलो आणि मिळेल ते वाचू लागलो. त्यातले जे मनात रुतले ते येथे मांडतो.

आधी हकीगत. हिटलर १९३३ साली जर्मनीत सत्तेवर आला. त्याच वर्षी ज्यू लोकांच्या दुकानांवर बहिष्कार घातला गेला आणि त्यांना सरकारी नोकऱ्यांतून काढले. १९३५ च्या कायद्यांनी त्यांचे नागरिकत्व गेले, इतरांशी विवाह हा गुन्हा ठरला. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांची प्रार्थनामंदिरे जाळली आणि त्याच महिन्यात त्यांच्या मुलांना शाळांतून हाकलले. पुढे महायुद्धात सरसकट कत्तल सुरू झाली. १९४५ पर्यंत सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले. पोलंडमधील ऑशविट्झ या एकाच छावणीत सुमारे ११ लाख माणसे मेली, त्यांतील बहुतेक ज्यू. आषाढीची दाटी ज्याने डोळ्यांनी पाहिली आहे त्याला अकरा लाख म्हणजे काय हे सांगायला नको.

आणि ज्यू म्हणजे कोणी परके नव्हेत, बरे का. आपल्या कोकणात बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत आले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची बोली मराठी. १८८० च्या सुमारास मुंबईत त्यांनी आपल्या धर्मग्रंथांतील आख्यानांवर मराठी कीर्तने रचली आणि केली. आम्हांला हे ठाऊक नव्हते. वाचले तेव्हा वाटले, ही तर आपल्याच ओसरीवर बसलेली माणसे.

आता मुख्य गोष्ट. हा द्वेष आपोआप उगवला नाही. तो पेरावा लागला, आणि पेरणी शाळेत झाली. गणिताच्या पुस्तकांत उदाहरणे असत, की वेड्या आणि पंगू माणसांना पोसायला राष्ट्राला खर्च किती येतो. मुले वहीत बेरीज-वजाबाकी करीत. १९३९ पासून अशा माणसांना खरोखरच मारू लागले. उदाहरण आधी वहीत सुटले, मग इस्पितळात.

१९३८ साली मुलांसाठी एक चित्रांचे पुस्तक निघाले, 'विषारी अळंबी' अशा अर्थाच्या नावाचे. आई मुलाला घेऊन रानात अळंबी वेचायला जाते. त्याला समजावते, की चांगली अळंबी असते तशी विषारीही असते, दिसायला सारखीच, पण एकीने सगळे घर मरते. माणसांतही तसेच आहे, आणि ती विषारी माणसे म्हणजे ज्यू. ते छापणारा श्ट्रायखर युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात दोषी ठरला आणि १९४६ साली फाशी गेला.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवले. कारण उघड आहे. हा दृष्टांत आहे! रानातली रोजची वस्तू, आईचा मायेचा आवाज, लहान मुलालाही पटेल असा सिद्धांत. आमचा सगळा जन्म ज्यावर गेला तीच ही कला. गुरुजींनी आम्हांला शिकवले होते, की शास्त्र डोक्याशी थांबते, दृष्टांत काळजात उतरतो. खरे आहे. पण काळजात काय उतरले याची चौकशी दृष्टांत करीत नाही. अमृत उतरते त्याच वाटेने विषही उतरते.

कोणी म्हणेल, अडाणी लोक भुलतात, शिक्षण वाढवा म्हणजे झाले. तर १९४२ च्या जानेवारीत बर्लिनजवळ व्हान्झे येथील एका बंगल्यात १५ अधिकारी जमले आणि युरोपातील ज्यूंचा संहार कसा करायचा याची व्यवस्था त्यांनी सुमारे दीड तासात लावली. त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना डॉक्टर ही विद्यापीठाची पदवी होती. विद्या होती. आमच्या पाठशाळेतही व्याकरणात पारंगत आणि मनाने कोता असा पंडित आम्ही पाहिला आहे, असो.

आता तिकडच्या शाळांतून 'सहिष्णुता' शिकवतात, आपल्याकडेही तो शब्द फार ऐकू येतो. शब्द जरा उकलून पाहू. सह्‌ धातू, म्हणजे सोसणे. सोसायचे काय? थंडी, ऊन, दुःख. मग शेजारच्या आळीतला माणूस आम्ही थंडीसारखा सोसायचा काय? म्हणून हा शब्द आम्हांला फारसा आवडत नसे. परंतु पाणिनीने या धातूला इष्णुच्‌ प्रत्यय लावला तो शील दाखवण्यासाठी: ज्याचा तो स्वभावच आहे, जो त्याचा धर्म आहे, जो ते चांगले करतो, असा. शील व्याख्यानाने येत नाही, अंगवळणी पाडावे लागते. एवढ्यापुरता शब्द कामाचा आहे.

अंगवळणी पाडण्याची तिकडची एक रीत आम्हांला फार भावली. जेरुसलेम येथे १९५३ साली या संहाराच्या स्मरणासाठी याद वाशेम नावाची संस्था स्थापन झाली. त्या हिब्रू शब्दांचा अर्थ स्मारक आणि नाम असा होतो. नाम! मारणाऱ्यांनी ऑशविट्झमध्ये माणसांच्या हातावर आकडे गोंदले. यांनी एकेक नाव शोधून लिहून ठेवले. आजवर ४८ लाखांहून अधिक नावे जमली आहेत. स्मरणाच्या दिवशी ती मोठ्याने वाचतात. अळंबी म्हटले की सगळे सारखे. नाव घेतले की तो एकटा समोर उभा राहतो, त्याचे घर, त्याची आई, त्याचे वय.

दुसरी रीत गुंटर डेमनिग या जर्मन शिल्पकाराची. ज्या घरातून माणूस नेला त्या घरापुढच्या फरसबंदीत तो हातभर नव्हे, जेमतेम तळहाताएवढा पितळी पत्रा जडवलेला दगड बसवतो. त्यावर नाव, जन्माचे साल, कोठे नेले, काय झाले. जर्मन भाषेत त्याला ठेच लागण्याचा दगड म्हणतात. २०२३ साली असे एक लाख दगड पुरे झाले. वाचायचे तर मान लववावी लागते. म्युनिक शहराने मात्र सार्वजनिक रस्त्यावर ते बसवू दिलेले नाहीत, कारण तेथील ज्यू पुढाऱ्यांचेच म्हणणे पडले की मेलेल्यांची नावे पुन्हा पायाखाली नकोत.

वारकऱ्याला हा वाद समजायला वेळ लागत नाही. नामदेवरायांनी महाद्वारात पायरी होणे मागून घेतले, संतांची पायधूळ लागावी म्हणून. पण ते त्यांनी स्वतः मागितले. दुसऱ्याला पायरी करण्याचा अधिकार आपल्याला कोठला? म्हणून म्युनिकच्या वृद्धांचे म्हणणे आम्हांला खोटे वाटत नाही. आणि त्या पायरीपाशीच चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास भिंत कोसळून ते गेले. परंपरा सांगते, की नामदेवरायांनी त्यांची हाडे ओळखली ती त्यांतून निघणाऱ्या विठ्ठलनामावरून. हाडेही नामाने ओळखू आली. तरी त्यांच्या जातीच्या माणसांना राउळाचे दार उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले.

तिकडच्या शिक्षकांना एक सूचना देतात: मुलांकडून छावणीचे सोंग करवू नका, एकाला कैदी आणि एकाला शिपाई बनवू नका. दुसऱ्याचे दुःख तासाभरात कळले असा खोटा समज होतो. ही सूचना वाचून आम्हांला मेल्याहून मेल्यासारखे झाले. चोखोबांचे चरित्र सांगताना आम्ही सभा रडवतो. रडली की सेवा रुजू झाली असे मानतो. ऐन तरुणपणी एका गावी काल्याचे कीर्तन केले. एका हंडीतले सर्वांनी खावे, यावर तास दीड तास बोललो, बायाबापड्यांनी डोळे पुसले. मग पंगत बसली. गोठ्याच्या बाजूला आठ-दहा माणसे वेगळी बसवली होती. आम्ही पाहिले. आमच्या पानात वाढणाऱ्याने आग्रह केला, आम्ही जेवलो, नारळ-शेला घेतला आणि गाडीत बसलो. त्या आठ-दहा जणांतल्या एकाचेही नाव आम्ही विचारले नाही. आज ते विचारायला कोणाकडे जावे?

त्या मुलाला आम्ही पत्र लिहून वरची हकीगत कळवली. त्याचे उत्तर आले. हिटलरविषयी त्यात काही नव्हते. त्याने विचारले आहे: "महाराज, तुम्ही त्या दिवशी आढीतल्या नासक्या आंब्याचा दृष्टांत दिला होता, एक नासला की सगळी आढी नासवतो, म्हणून आधी तो काढून टाकावा. तो कोणाविषयी होता?"

तो कुसंगतीविषयी होता, जन्माविषयी नव्हता. हे आम्ही त्याला लिहू शकतो. पण त्या रात्री मंडपात सात-आठशे माणसे होती, आणि प्रत्येकाने मनात कोणाला आंबा केले हे आम्हांला कसे कळणार? शंभर वेळा तरी हा दृष्टांत आम्ही दिला असेल. आता टाकला. येत्या कार्तिकात त्याच गावी पुन्हा सेवा आहे. त्या जागी काय सांगायचे ते अजून सापडलेले नाही.