वाणसामानाची यादी आणि अन्नपूर्णा

सत्संग संपल्यावर एक ताई मागे रेंगाळल्या. सगळे गेल्यावर हळूच म्हणाल्या, "सात्त्विक आहाराविषयी ऐकते, तेव्हा मला अपराधी वाटते. साजूक तूप, बदाम, फळे आमच्याकडे क्वचितच येतात. यजमानांचा ओव्हरटाइम बंद झाल्यापासून वाण्याचे बिलच भागत नाही. मग आमच्या घरातले अन्न सात्त्विक नाहीच का?"

हा प्रश्न आपल्यापैकी अनेकींच्या मनात असेल, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक आहाराचे वर्णन येते. आयुष्य, बल, आरोग्य, सुख आणि प्रीती वाढवणारा, रसयुक्त, स्निग्ध असा तो आहार. त्या वर्णनात बदाम नाहीत. वरणभातावर लिंबू पिळावे, भाकरीबरोबर शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी घ्यावी. रस आणि स्निग्धता दोन्ही त्यात आहेत. त्याच अध्यायात शिळे, नीरस अन्न तामस म्हटले आहे. मुलांच्या हाती रोज पडणारा दहा रुपयांचा चटकदार पुडा कोणत्या रांगेत बसतो, हे आपणच ठरवावे. दोन मुलांचे दोन पुडे धरले, तर महिन्याला ६०० रुपये होतात. इतक्या पैशांत कितीतरी डाळ, शेंगदाणे आणि गूळ घरात येतो.

आपल्या आजीने लावलेली जेवणाची घडी आजही कामाची आहे. तांदूळ, गहू, ज्वारी यांतील प्रथिनांत लायसिन कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत जे कमी, ते धान्यात मिळते. म्हणून डाळ-भात किंवा उसळ-भाकरी ही गरिबीची तडजोड नव्हे, ते पूर्ण अन्न आहे. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. दूध कमी घ्यावे लागत असेल, तर मुलांना सकाळी नाचणीची आंबील द्यावी. मटकीला मोड आणले की मूठभर धान्य वाटीभर होते, शिवाय त्यात क जीवनसत्त्व वाढते. मुळ्याचा पाला, फ्लॉवरची कोवळी पाने, कोथिंबिरीच्या काड्या टाकू नयेत. पालेभाजीवर किंवा उसळीवर लिंबू पिळले, तर त्यातील लोह अंगी लागायला मदत होते; जेवणावर लगेच चहा घेतला, तर तेच लोह वाया जाते. चहा तासाभराने घ्यावा.

रेशनचेही सांगायला हवे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबांना माणशी महिना ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. नोकरीनिमित्त इंदूर, सुरत किंवा हैदराबादला राहणाऱ्यांना आपल्या गावच्या कार्डावर तेथील दुकानातही ते घेता येते. हक्क असूनही लोक काय म्हणतील या संकोचाने काही घरे ते धान्य सोडून देतात. रांगेत उभे राहण्यात साधकाला कसली लाज? जाईल तो अहंकारच.

उपवासाविषयीही एक सांगतो. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटे, वर वेफर्स असा एकादशीचा बाजार पाहिला, तर तो दिवस महिन्यातला सर्वांत महाग ठरतो. शिवाय साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता पिष्टच. ताक आणि एखादे स्वस्त फळ यावर दिवस काढता आला, तर तोच उपवास.

हे सगळे बोलून झाल्यावर मी ताईंना विचारले, "तुम्ही स्वतः काल रात्री काय जेवलात?" त्या थोड्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पोळी होती. लोणच्याशी खाल्ली. भाजी संपली होती."

अडचण खरी येथे आहे. पैसे कमी पडले की पहिली काटछाट आईच्या ताटात होते आणि ती कोणी पाहत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. आपण याला त्याग म्हणतो. केवळ स्वतःसाठी शिजवणारा पाप खातो, असे गीता सांगते हे खरे. परंतु सर्वांसाठी शिजवणाऱ्याने उपाशी राहावे, असे ती कोठेही सांगत नाही. काशीत साक्षात शिवाने जिच्यापुढे भिक्षापात्र धरले, ती अन्नपूर्णा लग्नात मुलीबरोबर सासरी येते आणि देव्हाऱ्यात तांदळाच्या राशीवर बसते. तिला नैवेद्य दाखवायचा आणि तिचे काम करणाऱ्या हातांना उरलेसुरले द्यायचे, हे कसे चालेल?

ताईंना एवढेच सुचवले, की नैवेद्याचे ताट उचलल्यावर भाजी-वरण सर्वांच्या वाट्यांत आधीच वाटून ठेवावे, स्वतःचीही वाटी त्यात असावी आणि सर्वांनी एकत्र बसावे. भाजी थोडी असेल, तर प्रत्येकाला थोडी येईल.

परवा त्या पुन्हा भेटल्या. वाट्या मांडायचे काम आता धाकटा मुलगा करतो म्हणाल्या, आणि आईच्या वाटीत तो मुद्दाम जास्त वाढतो. सासूबाईंना मात्र अजून हे पटलेले नाही. सुनेने आधी वाटी भरून ठेवणे त्यांना खटकते. मी म्हटले, घाई करू नका. त्यांनीही पन्नास वर्षे शेवटीच जेवण केले आहे. पहिली वाटी त्यांच्यासमोर ठेवा.