न खेळलेल्या खेळांची थकबाकी

हप्ता नव्वद दिवस थकला की आम्ही बँकवाले कर्जाला अनुत्पादक म्हणून मोकळे होतो. माझ्या ‘स्टीम’ खात्यात मात्र सेलमध्ये घेतलेले एकेचाळीस व्हिडिओ गेम वर्षानुवर्षे पडून आहेत. पाय प्लास्टरमध्ये गेला, रजा मंजूर झाली; म्हटलं, आता वसुली! 2015 सालचा ‘विचर 3’ उघडला. त्यातला गेराल्ट मानलेल्या मुलीला शोधायला निघतो आणि वाटेत भेटेल त्याच्याशी पत्ते कुटत बसतो. गृहस्थ एकदम आपल्यातला वाटला.

पण विकत घेतलेली वस्तू वापरलीच पाहिजे, असं बंधन आहे का हो? कॉमर्सला शिकवलं होतं, गेलेला पैसा पुढच्या निर्णयात धरू नये. मग दोनशे रुपये वसूल करायला मी आयुष्यातले शंभर तास का मोजावेत? बरं, हे खेळ माझे तरी कुठे आहेत? नुसता खेळायचा परवाना. खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. नॉमिनेशनसुद्धा नाही!

खरं म्हणजे सेलमध्ये मी खेळ घेतच नव्हतो. कधीतरी मोकळी दुपार मिळेल, ही आशा घेत होतो. तीही निम्म्या किमतीत.

“अहो, मग आता मिळालीय ना दुपार?” ही म्हणाली.

प्लास्टर सोमवारी निघेल. गेराल्टची मुलगी अजून सापडलेली नाही. पत्त्यांत मात्र आम्ही बरेच पुढे आहोत.