आत्याच्या लग्नाची कॅसेट

हलणारे, बोलणारे आबा आमच्या घरात एकाच ठिकाणी उरलेत: आत्याच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये. १९९६चं लग्न, केज तालुक्यातलं गाव. कॅसेट इतकी वर्षं लोखंडी कपाटात साड्यांखाली पडून होती. काढली तेव्हा फितीच्या कडेला पांढरी बुरशी. पुण्यात एका दुकानात डिजिटाइझ करायला दिली. या कामात घाई चालत नाही, हे तिथे कळलं. आधी फीत साफ करायची, मग व्हीसीआरमध्ये लावून ती चालेल तसं संगणकावर उतरवून घ्यायचं. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागणारच.

पेन ड्राइव्ह घेऊन अंबाजोगाईला आत्याकडे गेले. टीव्हीवर लावलं. हॅलोजनच्या उजेडात, मुंडावळ्यांखाली एक लहान पोरगी डोळे मिचकावत बसलेली. आत्या तेव्हा नववीत होती. मला हे माहीत नव्हतं असं नाही, पण कधी दिसलं नव्हतं. मुलीच्या लग्नाचं वय कायद्याने १९७८ पासूनच १८ आहे. मांडवात मात्र सगळे निवांत जेवत होते.

आत्या म्हणाली, "आबा तेवढे ठेव. माझं पुसून टाक."

कसं पुसू? कन्यादानाच्या वेळी आबांच्या हातात तिचाच हात आहे.

१९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी फाळक्यांना कॅमेऱ्यासमोर उभी राहायला बाई मिळाली नाही. तारामती झाले अण्णा साळुंके. त्या सिनेमाची पहिली आणि शेवटची रिळं तेवढी उरली, याची आपल्याला हळहळ वाटते, आणि ती बरोबरच आहे. पण माझ्या डोक्यात आता त्या नाही म्हणणाऱ्या बायका येतात. त्यांच्या नकारामागे लोकलाज असेल, पण तो देता तरी आला. आत्याला ना लग्नाचं विचारलं, ना शूटिंगचं. मग निदान आता तरी तिचं ऐकायला नको?

पण दुसरं मन म्हणतं, पुसलं तर सोय कुणाची होईल? आत्याची थोडी, आणि मांडवातल्या मोठ्या माणसांची जास्त. "तेव्हा तसंच होतं" असं ते आजही सहज म्हणतात. या पोरीचा चेहरा समोर असला की ते वाक्य घशात अडकतं. बीडमध्ये अशी लग्नं अजून लागतात. मला तो चेहरा पुरावा वाटतो. फक्त, स्वतःचा चेहरा पुरावा व्हावा की नाही, हे ठरवायचं कुणी? मी तर नक्कीच नाही.

काका रोज विचारतात, फॅमिली ग्रुपवर कधी टाकतेस? टाकणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलंय. पेन ड्राइव्ह आत्याकडेच ठेवून आले.

माझ्या लॅपटॉपवरची प्रत अजून तशीच आहे. आत्याला ते सांगितलेलं नाही.