नाचणीची शक्ती

माझा भाचा इंग्लंडात राहतो, आणि तेथे १९६३ पासून स्वतःपुरती बीअर आंबवण्यास परवाना लागत नसल्यामुळे, कळव्याच्या आमच्या गॅलरीत भिजवून, फडक्यात मोड आणून, खाडीवरच्या वाऱ्यात वाळवलेली नाचणी आपल्या पाककृतीत घालण्याची तजवीज त्याने केली. आमच्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा अंमल, त्यामुळे त्याच नाचणीची मजल सत्त्वाच्या खिरीपलीकडे जात नाही. संगणकावरील ‘बीअरस्मिथ’ या आज्ञावलीत नवे धान्य दाखल करावयाचे तर रंग, ओलावा, उतारा असे रकाने भरावे लागतात. ते त्याने अंदाजाने भरले आणि स्वतःच्या पिष्टाची साखर करण्याचे धान्याचे सामर्थ्य नोंदवणाऱ्या रकान्याशी तो अडला. “मामा, शक्ती किती लिहू?”

शक्ती म्हणजे काय, हा दर्शनशास्त्रातला प्रश्न जुनाच होता. विशिष्ट मणी जवळ असता अग्नी जाळीत नाही, रूप मात्र तेच राहते. म्हणून शक्ती हा स्वतंत्र पदार्थ मानावा, असे मीमांसक म्हणतात, तर मण्याचा अभावही कारणसामग्रीतच धरला की शक्तीची गरज उरत नाही, असे नैयायिकांचे उत्तर आहे. नाचणी मुळातच काळपट तांबडी, त्यामुळे उन्हात वाळलेली कोणती आणि कढईत खरपूस भाजलेली कोणती हे डोळ्यांना चटकन कळत नाही (नाक मात्र फसत नाही). तरीही पहिली पिष्टाची साखर करील आणि दुसरी करणार नाही, हे पाहून मीमांसकाला आनंदच झाला असता. १८३३ साली पायें आणि पर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनी मोड आलेल्या जवातून पिष्टाची साखर करणारे डायास्टेज वेगळे काढले, तेव्हा शक्तीचे द्रव्य झाले, आणि वरकरणी नैयायिक जिंकला. परंतु त्या द्रव्याला हे सामर्थ्य कोठून आले, हा प्रश्न एक पायरी खाली सरकला एवढेच, असे मला वाटते.

विकतच्या माल्टबरोबर तपासणीचा दाखला मिळतो, ते आप्तवाक्य, म्हणजे विश्वासू जाणकाराचे वचन. आमच्या नाचणीला असा आप्त नाही. म्हणून मी त्याला कळवले, की वाटीभर नाचणी भरडून, पासष्ट-सत्तर अंशांच्या पाण्यात तासभर एकटीच ठेव, आणि चमचाभर रसावर आयोडिनचा थेंब टाक. निळाकाळा झाला तर पिष्ट शिल्लक आहे. तोवर रकान्यात शून्य लिहून पाककृतीत जवाची शक्ती उसनी घे. त्याने शून्य लिहिले, आणि धान्याच्या नावापुढे कंसात ‘कच्ची नोंद’ असा शेरा मारला.