लेखनिक कोण आणणार?

दृष्टिहीन विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक घेता येतो, तासामागे किमान 20 मिनिटे जादा मिळतात. केंद्र सरकारच्या 2018च्या मार्गदर्शक सूचनांतच ते स्पष्ट झाले होते. लेखनिक स्वतः आणला तर तो परीक्षार्थीपेक्षा शिक्षणात एक पायरी खालचा असावा, असेही त्यांत म्हटले होते. कागदावर बिनतोड वाटणारी ही अट कळंबसारख्या तालुक्याच्या गावी पोचली की वेगळीच दिसायची. शिराढोणहून किंवा येरमाळ्याहून एसटीने येणाऱ्या बीएच्या मुलाने असा लेखनिक शोधायचा, ज्याचे अक्षर बरे आहे, त्या दिवशी स्वतःचा पेपर नाही आणि तीन तास बसायची तयारी आहे. ज्याच्या वर्षभरात चार ओळखी झाल्या, त्याला तो मिळतो. ज्याच्याशी कोणी बोललेच नाही, त्याच्या बापाला दारोदार विनवण्या कराव्या लागतात. अभ्यासातली मदत वेगळी आणि कॉलेजात मिसळणे वेगळे, ही आपली वाटणी इथेच कोलमडते.

कायदा तोकडा आहे, असे नाही. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. 2016च्या कायद्याने ते 21 केले आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखल्या. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली सांगितले, की 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र नाही एवढ्यावरून लेखनिक नाकारता येत नाही. पण व्यवहारात सगळे लक्ष प्रवेश आणि परीक्षा या दोन टोकांवर राहते. मधली वर्षे मोकळीच. एसटीच्या तिकिटात सवलत आहे. पहिली पायरी मात्र गुडघ्याएवढीच उंच.

यावर उत्तर ठरलेले: एकदोन मुलांसाठी छोट्या कॉलेजाने खर्च कुठून करायचा? रॅम्प आणि स्वच्छतागृहाला पैसे लागतात, हे खरे. पण रोजची अडवणूक बहुतेक फुकटात सुटणारी आहे. मराठी नोट्स जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केल्या, तर एनव्हीडीएसारखे मोफत वाचक सॉफ्टवेअर त्यातून निरर्थक अक्षरे वाचते. वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, तर बहुधा तेही नाही. तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवला की मुलगा रात्री घरी ऐकू शकतो. इथे पैशाआधी सवय बदलावी लागेल. जादा वेळेने इतरांवर अन्याय होतो, ही तक्रार मला फार वजनदार वाटत नाही. सांगून लिहून घेताना किती वेळ जातो ते एकदा करून पाहावे.

खरा आक्षेप वेगळा आहे: मैत्री परिपत्रक काढून होत नाही. कबूल. लेखनिकांची यादी आधीच तयार ठेवण्याची वाट 2018च्या सूचनांनीच परीक्षा घेणाऱ्या संस्थांना दाखवली होती. ती यादी झालीच पाहिजे, कारण हक्क कोणाच्या लोकप्रियतेवर टांगता ठेवता येत नाही. पण ओळख होण्याच्या जागा तरी कॉलेजाच्या हातात असतात. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 तासांचे काम असते आणि सात दिवसांचे निवासी शिबिर. त्या तासांत वाचून दाखवणे बसवता येते, आणि दृष्टिहीन मुलाला गावसर्वेक्षणात प्रश्न विचारण्याचे काम देता येते. त्याऐवजी ‘तुला त्रास नको, तू घरीच थांब’ असे प्रेमाने सांगितले, की शिबिरातल्या सात रात्रींच्या गप्पा त्याच्या हातून जातात. मार्चमधला लेखनिक त्या गप्पांतच बसलेला असतो.