थरथर, संस्कार आणि स्थैर्य

लेथवर धातू कापताना टूल आणि जॉब (कापला जाणारा फिरता तुकडा) यांच्यात एकाएकी जी जोरदार थरथर सुरू होते, तिला कारखान्यात ‘चॅटर’ म्हणतात. कर्कश आवाज येतो, पृष्ठभागावर लाटांच्या खुणा उमटतात, टूलची धार लवकर जाते आणि कट कमी घ्यावा लागतो. अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर यांनी १९०७ मध्येच या थरथरीची गणना कारागिरापुढील सर्वांत गूढ प्रश्नांत केली होती. तिच्या नियंत्रणाचा विचार करताना तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न समोर येतो: स्थैर्य नेमके कशात असते?

थरथर दोन प्रकारची असते. एक बाहेरून येते. जॉब पकडणाऱ्या चकचा असमतोल किंवा झिजलेले बेअरिंग हे तिचे कारण असते, आणि ते दूर केले की ती थांबते. चॅटर मात्र कापण्याच्या क्रियेतूनच जन्मते. टूल किंचित हलले की पृष्ठभागावर लाट उरते. जॉबचा एक फेरा पूर्ण झाला की तेच टूल स्वतःच कोरलेल्या त्या लाटेवर येते. कापल्या जाणाऱ्या थराची जाडी त्यामुळे कमीजास्त होते, कापण्याचे बल बदलत राहते आणि टूल पुन्हा हलते. कट एका मर्यादेपलीकडे खोल असेल, तर प्रत्येक फेऱ्यात ही थरथर वाढत जाते. इथे दोषी शोधायला बाहेर जावे लागत नाही. मागच्या फेऱ्याची खूणच पुढच्या फेऱ्याला हलवते.

योगदर्शनाने चित्ताचे वर्णन याच रचनेत केले आहे. पतंजलींच्या सूत्रांवरील व्यासभाष्यात म्हटले आहे की वृत्तींपासून संस्कार घडतात, संस्कारांपासून पुन्हा वृत्ती उठतात आणि हे चक्र अखंड फिरत राहते. क्रोध शमला तरी त्याचा ठसा उरतो आणि पुढचा प्रसंग त्या ठशावरूनच जातो. जळगावजवळच्या असोदा येथे १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती, पण मनावरच्या त्यांच्या गाण्यात हेच निदान आहे. उभ्या पिकात शिरलेले जनावर कितीही हाकलले तरी परत येते, तसे त्यांना मन दिसले. हाकलण्याने जनावर हलते. पिकाची ओढ तशीच राहते.

चॅटरवरचे उपाय तीन दिशांनी जातात. पहिला उपाय भक्कमपणाचा: बिडाचा जड बेड, आखूड धरलेले टूल, टेलस्टॉकचा आधार. दुसरा वेग निवडण्याचा. नवी लाट जुन्या लाटेशी तंतोतंत जुळली तर थराची जाडी एकसारखी राहते आणि थरथरीला बळ मिळत नाही. म्हणून काही ठरावीक वेगांना खोल कटही शांतपणे घेता येतो. तिसरा उपाय सक्रिय नियंत्रणाचा. संवेदक कंपन मोजतो, नियंत्रक हिशेब करतो, आणि पिझोविद्युत किंवा विद्युतचुंबकीय साधन टूलच्या गतीच्या विरुद्ध दिशेने बल देते.

या तिसऱ्या उपायाची कसोटी वेळेत आहे. सेकंदाला १०० वेळा होणाऱ्या कंपनाचे एक आवर्तन १० मिलिसेकंदांचे असते. विरोधी बल ५ मिलिसेकंद उशिरा पोचले, तर तोवर टूलची दिशा उलटलेली असते. आवरण्यासाठी दिलेले बल थरथरीलाच ढकलते. निग्रहाचा हेतू शुद्ध असूनही परिणाम उलटा होतो, याचे हे स्वच्छ उदाहरण आहे. प्रसंग सरल्यावर स्वतःला दिलेली कठोर शिक्षा अशीच अनेकदा नवा क्षोभ निर्माण करते.

धर्मपरंपरेत या तिन्ही उपायांना समांतर विचार सापडतो. आसन आणि नियमित आहारविहार यांनी आधार भक्कम होतो. घातक विचार उठताच प्रतिपक्षाची भावना करावी, असे पतंजली सांगतात. ते सक्रिय नियंत्रणाच्या जवळचे आहे. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात वेगळी वाट दाखवली: मनाला गोडीच्या ठिकाणी रमण्याची सवय आहे, म्हणून त्याला आत्मानुभवाच्या सुखाकडे कौतुकाने वळवत न्यावे. ही मनाशी झुंज नव्हे. त्याच्या स्वभावाला मानवणारी लय शोधण्याचा हा मार्ग आहे.

साम्य इथवरच टिकते. टूलने कोणत्या रेषेवर राहावे हे टर्नर ठरवतो. नियंत्रक फक्त त्या रेषेपासूनचे विचलन कमी करतो. ती रेषा योग्य आहे का, हे त्याला विचारता येत नाही. चोराचे चित्तही एकाग्र असू शकते. म्हणून गीतेत मनाला आवरण्यासाठी अभ्यासाबरोबर वैराग्यही सांगितले आहे. अभ्यास विचलन वेळीच सुधारतो. वैराग्य जुन्या खुणेची ओढ सोडवते, आणि मन कशासाठी आवरायचे हा प्रश्न जागा ठेवते. यंत्राला पहिल्याचे अनुकरण करता येते; दुसरे माणसालाच करावे लागते.

यंत्र बंद केले की थरथर थांबते, पण कामही थांबते. कर्मयोगाला अशी शांती मान्य नाही. कट चालू असताना, बल बदलत असताना मागच्या फेऱ्याची खूण पुढच्या फेऱ्यावर स्वार होऊ न देणे, आणि हे प्रत्येक फेऱ्यात नव्याने करणे, यातच स्थैर्य आहे.