फळीवरची अक्षरं

बाड किसिंगेन हे एरवी पाणी पिण्याचं गाव. बव्हेरियाच्या उत्तर भागातल्या या गावात निवृत्त मंडळी झऱ्याचं खारट पाणी पेल्यात घेऊन बागेतून सावकाश येरझारा घालतात. जर्मन चान्सलर बिस्मार्क इथे प्रकृती सुधारायला यायचा; १८७४ मध्ये त्याच्यावर गोळी झाडली गेली, तीही इथेच. पण उन्हाळ्याच्या तोंडाला, फ्रोनलाइखनाम या ख्रिस्ती सणाला धरून, चार दिवस इथे ‘आबेंटॉयर उंड आलराड’ नावाचं प्रदर्शन भरतं आणि त्या शांत गावात छातीइतक्या उंच चाकांचे ट्रक शिरतात. पाठीवर घर घेतलेले ट्रक.

फ्रँकफुर्टच्या ऑफिसातला सहकारी म्हणाला, ‘तंबू घे आणि चल,’ म्हणून मी गेलो. मोटारींतलं मला फारसं कळत नाही. ट्रकमधलं थोडं कळतं, कारण माझा मामा पुणे-बंगळूर रस्त्यावर ट्रक चालवायचा.

नव्या गाड्यांपाशी मी लवकर कंटाळलो. आत स्वयंपाकघर, न्हाणी, तापवलेली फरशी. किंमत रुपयांत काढली तर काही कोटी. सहारा ओलांडायला बांधलेल्या या गाड्यांच्या टायरच्या खाचांत एकही खडा अडकलेला नव्हता. एका ठिकाणी मात्र मी अर्धा तास उभा राहिलो. तिथे एक कारागीर घर चासीवर कसं बसवतात ते दाखवत होता. खड्ड्यांतून जाताना ट्रकची चासी पिळवटते, आणि ती पिळवटायलाच हवी, नाहीतर चाक जमीन सोडतं. पण वरचं घर ताठ असतं. ते चासीला चारही कोपऱ्यांत आवळून टाकलं तर पहिल्या वाईट रस्त्यावर तडकेल. म्हणून ते तीनच ठिकाणी टेकवतात, तेही फिरत्या सांध्यांवर. चार पायांची खाट उंचसखल जमिनीवर डुगडुगते, तिवई डुगडुगत नाही, तसंच हे. मामाच्या ट्रकचा लाकडी हौदा ही कटकट न करता नुसता करकरायचा.

खरी गंमत मुक्कामाच्या मैदानात होती. तिथे पांढऱ्या केसांची माणसं जास्त, आणि त्याचं एक कारण सरकारी आहे. १९९९ च्या आधी परवाना काढलेल्या जर्मनांना साध्या मोटारीच्या परवान्यावर साडेसात टनांचा ट्रक चालवता येतो. नंतरच्यांना साडेतीन टनांचीच मुभा. म्हणजे जुना ट्रक आणि जुना माणूस ही जोडी कायद्यानेच जमवलेली. ट्रकही बहुतेक अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. पंचवीस-तीस वर्षं नोकरी केलेली, पण बहुतेक काळ छपराखाली उभं राहून. त्यामुळे चाललेले किलोमीटर अगदी थोडे.

संध्याकाळी शेगडीभोवती बसल्यावर लगेच सगळे एकमेकांना ‘डू’, म्हणजे ‘तू’, म्हणू लागले. ऑफिसात इथवर यायला मला चार वर्षं लागली होती. जर्मनमध्ये मीही ‘तू’ म्हणत होतो, पण समोर सत्तरीचा माणूस असला की मनातल्या मनात ‘तुम्ही’च चालू राहायचं. एक गोष्ट लक्षात आली. पाहिलेल्या जागांविषयी फार कोणी बोलत नव्हतं. कुठे काय मोडलं आणि ते कोणी दुरुस्त केलं, याच्याच गोष्टी. जुन्या इंजिनाचं कौतुकही त्यासाठीच: त्यात संगणक नाही, कसलंही डिझेल चालतं, आणि कुठल्याही गावातला फिटर त्याच्यात हात घालू शकतो.

शेजारी एक लाल, गोल नाकाचा मर्सिडीज उभा होता. मला तो ओळखीचा वाटला. १९५४ साली टाटांनी याच कंपनीशी करार करून ट्रक बनवायला घेतले. १९६९ मध्ये करार संपला, नाकावरचा तारा जाऊन ‘टी’ आला. लहानपणी खंबाटकी घाटात धापा टाकताना पाहिलेले ते ट्रक आणि हा, चेहरा अगदी तोच नव्हे, पण नातं लपत नव्हतं. मालकाला मी तसं सांगितलं, तर तो उठून उभाच राहिला.

१९७७ च्या हिवाळ्यात तो आणि त्याची बायको याच ट्रकमधून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत गोव्याला निघाले होते. दोन वर्षांत इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा उतरल्या आणि तो रस्ताच मोडला. त्या प्रवासात साताऱ्याच्या अलीकडे त्यांच्या मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. रस्त्याकडेच्या मिस्त्रीने टाटा-मर्सिडीजचा एक पाटा शोधून आणला, कापला, भोक पाडलं आणि बसवला. ‘अजून तोच आहे,’ म्हणत त्याने मला ट्रकखाली वाकायला लावलं. मला सगळे पाटे सारखेच दिसले. मी मान डोलावली.

मामा त्याच रस्त्यावर केबिनमध्ये झोपायचा. क्लीनर वर टपावर, ताडपत्रीत. स्टोव्ह, तांदळाचा डबा, गणपती, सगळं त्या केबिनमध्ये. घर घेऊन फिरण्याचं त्याला अप्रूप नव्हतं. सुट्टीत तो अंगणातून हलायचा नाही. शेगडीपाशी मी हे सांगितलं नाही. त्यांच्या हौसेवर पाणी टाकायचं म्हणून नव्हे. मामाला इथे बसवलं असतं तर पाट्याच्या गप्पांत तो पहाटेपर्यंत उठला नसता, असं वाटत राहिलं.

मग मालकाच्या बायकोने आत बोलावलं. दारावर एक रंगीत फळी ठोकलेली. पाटा बसेपर्यंत तिथल्या पेंटरने हौसेने रंगवून दिलेली. अर्थ विचारला तेव्हा कोणीतरी ‘गुड लक’ म्हणालं होतं. मी वाचलं: ‘आईचा आशीर्वाद’. अर्थ सांगितला तशा बाई हसत सुटल्या. नोकरी सोडून हा ट्रक घेतला म्हणून त्याच्या आईने दोन वर्षं त्याच्याशी अबोला धरला होता.

तो हसला नाही. कागद पुढे करून म्हणाला, ‘उच्चार लिहून दे.’ मी लिहायला घेतलं आणि अडलो. जर्मनमध्ये ‘च’ला चार अक्षरं लागतात. मग आठवलं, हा ‘च’ चिमणीतला नव्हे, चमच्यातला. त्याला ‘त्सेट’ हे एकच अक्षर पुरतं. तेवढं त्याला पहिल्या फटक्यात जमलं. ‘आशीर्वाद’पाशी शेगडी विझेपर्यंत बसलो होतो.